तळहातावर मळलेली चांदी

माझ्या डाव्या तळहाताचा मला एके काळी फार अभिमान होता. आता तो साधा म्हाताऱ्या माणसाचा तळहात आहे. पण ऐंशीच्या दशकात कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोर माझा दवाखाना होता, तेव्हा या तळहातावर मी रोज चांदी मळत असे. 'चांदी भरणारे डॉक्टर' म्हणून माझी ओळख होती आणि ती मी मोठ्या ऐटीत मिरवत होतो. ही ऐट कशी उतरली, आणि ती उतरवणाऱ्या तीन माणसांचा मी जन्माचा ऋणी का आहे, ते एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

दात भरणं म्हणजे काय ते आधी सांगतो. किडलेला भाग कोरून काढायचा, खड्ड्याला नीट आकार द्यायचा आणि त्यात असं काही तरी भरायचं की जे दाताइतकं सोसेल. सगळी मेख या सोसण्यात आहे. माणूस दाढेखाली सुपारी फोडतो तेव्हा त्या एवढ्याशा जागेवर किती भार येतो याची त्याला कल्पना नसते. माझ्याकडे भरायला चार वस्तू होत्या. लवंगतेलात कालवलेली पांढरी पूड ठणका थांबवायची, पण ती चार दिवसांची पाहुणी. दुसरं एक सिमेंट होतं, ते बरंच घट्ट, पण थुंकीत हळूहळू झिजायचं. पुढच्या दातांसाठी दाताच्या रंगाचं काचेसारखं सिमेंट. आणि दाढांसाठी चांदी. चांदीची भुकटी आणि पारा काचेच्या खलात घोटायचा, लोण्यासारखा गोळा झाला की तळहातावर घेऊन अंगठ्याने मळायचा, जास्तीचा पारा फडक्यातून पिळून काढायचा आणि मग तो खड्ड्यात ठासून ठासून बसवायचा. मुंबईला कॉलेजात आमचे सर म्हणायचे, चांदीला लोच येतो तो तळहाताच्या उबेने. ते वाक्य मी गुरुमंत्रासारखं जपलं होतं.

रंगाच्या सिमेंटची गंमत सांगायलाच हवी. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर काम करणारा एक कारकून दरवर्षी माझ्याकडे यायचा. त्याच्या पुढच्या दोन दातांमधली भर विरघळली की फट पडायची आणि तो बोलताना शीळ वाजायची. ट्रकवाल्याला दरडावायला गेला की ट्रकवाला हसायचा. "डॉक्टरानू, माजी वट गेली हो सगळी," असं तो रडवेला होऊन सांगायचा. मी दरवर्षी नव्याने भरून द्यायचो. एकदा सहज विचारलं तेव्हा कळलं, गृहस्थ दोन्ही वेळच्या जेवणात सोलकढीचे तीन-तीन पेले रिचवतो. आंबटाने ते सिमेंट विरघळतं. मी त्याला म्हटलं, सोलकढी तरी सोड, नाही तर रुबाब तरी. तो बराच वेळ विचार करत बसला आणि पुढच्या वर्षी पुन्हा शीळ वाजवत आला.

त्याच्यावर हसणं सोपं होतं. भागीकाकींच्या वेळी मात्र मला हसता आलं नाही.

भागीरथीकाकी वालावलच्या. पन्नाशीच्या आसपास, काटक, कमी बोलणाऱ्या. घरची भातशेती, थोडे काजू. दोन एसटी बदलून त्या माझ्याकडे आल्या तेव्हा डाव्या बाजूच्या दाढा केव्हाच गेलेल्या होत्या. उजवीकडे खालची एकच दाढ वरच्या दाढेला भिडत होती, आणि तिला मोठा खड्डा होता. मी नेहमीप्रमाणे विचारलं, काढू की भरू?

"काडू नकात," त्या घाईने म्हणाल्या. "ह्यो एकच दात कामाचो रवलो आसा."

"जेवताना त्रास होईल, पण सवय होते," मी म्हटलं.

"जेवच्याचा काय, पेज पिवन पण दिस जातत. माका भात बगूचा लागता."

मला कळेना. तेव्हा माझी मदतनीस शालनताई मध्ये पडली. शालनताई बाजारातलीच, माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी. हत्यारं उकळणं, खल घोटणं आणि मला जमिनीवर ठेवणं ही तिन्ही कामं ती करायची. तिने सांगितलं ते असं. आमच्याकडे उकडा तांदूळ खातात. भात सालासकट उकडून खळ्यात वाळत घालतात आणि मग गिरणीत नेतात. ते ओलं राहिलं तर गिरणीत तांदळाचा चुरा होतो, वर्षभराचं अन्न कण्यांत जातं. फार वाळलं तरी तेच. बरोबर वाळलं की नाही ते एक दाणा दाढेखाली फोडून कळतं. भागीकाकींची सासू हे काम करायची, तिच्यामागे या. त्यांच्या वाडीत कोणीही भागीकाकींनी दाणा चावून 'न्हेवा' म्हटल्याशिवाय भात गिरणीत नेत नव्हतं. लहान वयात विधवा झालेल्या बाईला गावात जो मान होता तो सगळा त्या एका दाढेवर उभा होता.

"हात लावन कळणा नाय," काकी म्हणाल्या. "दातान कळता."

मी चांदी भरली. मे महिना होता, वीज गेलेली, पंखा बंद. चोवीस तास या बाजूने चावायचं नाही, असं बजावलं. चांदी बसवल्यावर काही तास कच्चीच असते, पुरती ताकद यायला दिवस लागतो.

आठव्या दिवशी काकी गालाला हात लावून हजर. "चार दिस बरो होतो. पाचव्या दिसा ठणकाक लागलो." बघतो तर चांदी वर आल्यासारखी उंच, आणि एक कड फुटलेली. मला वाटलं, माझीच भर उंच राहिली असेल. काढून पुन्हा भरली. पावसाळाभर त्या तशाच दिवस काढत राहिल्या आणि गणपतीनंतर पुन्हा आल्या. पुन्हा तीच उंच चांदी, फुटलेली कड. तिसऱ्यांदा भरली. ऑक्टोबरचा उष्मा, माझ्या कपाळावरून घाम ठिबकत होता. आठवड्याने त्या पुन्हा बाकावर बसलेल्या दिसल्या आणि माझा तोल गेला.

बाकावर आणखी चार-पाच माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हटलं, "काकी, तुमी भात चावल्यात. चोवीस तास थांबाक सांगितला होता मां?"

"मी चावक नाय."

"मग चांदी काय आपोआप मोडली?"

"ता तुमका ठावक. मी आठ दिस पेज पिवन रवलंय."

"मी हजार दाढा भरल्या आहेत, काकी," मी एकदम शुद्ध मराठीत शिरलो. मला राग आला की माझी मालवणी सुटते. "चांदीसारखी बळकट वस्तू दुसरी नाही. ती मोडते ती तुमच्यासारख्यांच्या हट्टामुळे."

कोणी तरी हसलं. काकींनी पदराने तोंड पुसलं. एवढंच म्हणाल्या, "मगे काडूनच टाका. पण आज नको, कापणी आसा. पंधरा दिसांनी सोमवारी येतंय, तेवां काडा." मी फुटकी चांदी काढली, लवंगतेलाची पूड भरून ठणका थांबवला आणि त्यांना जाऊ दिलं. आजही तो बाक आठवला की कानशिलं तापतात.

हे सगळं बाकावर बसून ऐकणाऱ्यांत परुळेकर मास्तर होते. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, सडपातळ, खिशाला दोन पेनं, आणि समोरच्याने ठामपणे काही सांगितलं की डोळे बारीक करून बघायची सवय. खुर्चीत बसल्यावर तोंड उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, "डॉक्टरानू, चांदी सगळ्यात बळकट ह्या कशावरसून?"

"पुस्तकात आसा."

"पुस्तकात आसा ता खरा. तुमी कदी मोडून बगितल्यात?"

मी त्यांच्या तोंडात आरसा घातला, म्हणजे बोलणं थांबेल असं वाटलं. पण जाताना ते पायरीवर थांबून म्हणाले, "नववीक मी तरफ शिकवतंय. एक पहार आणि बादली मेळात तर रविवारी मोडून बगूया."

मी हो म्हटलं ते माझीच बाजू सिद्ध करायला. बॉलपेनच्या रिकाम्या नळ्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे केले आणि शनिवारी त्यांत एकेक वस्तू भरली. चांदीचे बारा गोळे हवे होते आणि चांदी तर बघता बघता घट्ट होते, म्हणून अर्धे मी भरले आणि अर्धे शालनताईने. माझे अर्थातच तळहातावर मळलेले. ती मात्र फडक्याच्या घडीत मळत होती.

"असा नाय, हातार घी," मी म्हटलं.

"माजे हात काळे जातत. मी फडक्यातच मळतलंय," ती म्हणाली. मी सोडून दिलं. मास्तरांनी त्यांच्या शिस्तीप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर 'डॉ.', दुसरीवर 'शा.'

दवाखान्याच्या मागे चिऱ्यांची भिंत होती. तिच्यातल्या एका भोकात लांब पहारीचं टोक अडकवलं. भिंतीपासून तीन बोटांवर, सोनाराकडून मागून आणलेल्या छोट्या ऐरणीवर नळीतून काढलेला गोळा ठेवला, त्यावर पहार टेकवली आणि पहारीच्या दुसऱ्या टोकाला बादली टांगली. बादलीत एकेक तांब्या पाणी ओतत जायचं. तरफेमुळे बादलीतल्या एका शेराचे गोळ्यावर कित्येक शेर होतात. गोळा फुटला की तांबे मोजायचे. शेजारच्या किराणा दुकानात आलेली गिऱ्हाइकं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. डॉक्टर आणि मास्तर मिळून पाणी का मोजतायत हे कोणाला समजेना.

लवंगतेलाची पूड बादली टांगायच्या आधीच नुसत्या पहारीखाली चिरडली. थुंकीत झिजणारं सिमेंट पाच-सहा तांबे टिकलं. इन्सुलीच्या कारकुनाचं सिमेंट त्याहून बरंच जास्त टिकलं आणि मी चकित झालो. मास्तर म्हणाले, "ह्या पहारीक सोलकढी लागणा नाय." म्हणजे सुक्यात बळकट असणं वेगळं आणि तोंडात टिकणं वेगळं. मग चांदी. माझा गोळा पंधराव्या तांब्याला फुटला, शालनताईचाही तिथेच. तीन माझे, तीन तिचे, सगळे थोड्याफार फरकाने सारखे.

"बघा!" मी मास्तरांना म्हटलं. "चांदी बळकटच. काकींनी भातच चावला."

मास्तरांनी वही मिटली. "दोनदा केल्याबिगर प्रयोग होणा नाय. रवलेले गोळे असूंदेत. फुडल्या रविवारी." उरलेले तीन-तीन गोळे त्यांनी नळीतच राहू दिले आणि कपाटावर ठेवले.

पुढच्या रविवारी मास्तरांनी पहिली नळी हातात घेतली आणि टोकावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग मला दिली. भरताना मी चांदी नळीच्या कडेला अगदी सपाट केली होती. आता ती कडेबाहेर आली होती. फार नाही, नखाला लागेल एवढीच. चिठ्ठीवर 'डॉ.' होतं. माझे तिन्ही तसेच. शालनताईचे तिन्ही सपाट.

मग पहार. तिच्या गोळ्यांना पुन्हा पंधरा-सोळा तांबे लागले. माझा पहिला दहाव्यालाच फुटला. दुसरा अकराव्याला. तिसरा फुटेपर्यंत मी थांबलो नाही, आत जाऊन कपाटातलं कॉलेजचं जाड पुस्तक काढलं. चांदीच्या भुकटीत थोडं जस्त असतं. तिला ओल लागली की आतल्या आत वायू धरतो आणि चार-पाच दिवसांनी चांदी फुगायला लागते, ठणका देते आणि अशक्त होते. तळहाताचा घामसुद्धा पुरतो, असं बारीक टायपात छापलेलं होतं. त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती आणि ती रेघ माझीच होती. परीक्षेपुरती मारली होती. आमच्या सरांचे तळहात पंख्याखाली कोरडे असतील. कट्ट्याला मे आणि ऑक्टोबरमध्ये वीज गेल्यावर माझे काय असणार होते?

बाहेर आलो तर मास्तर पेन्सिल वहीवर ठेवून उभे होते. ते शाळेतल्या मराठीत बोलले. "निष्कर्ष तुम्ही लिहायचा, डॉक्टर."

मी लिहिला. माझं अक्षर इतकं वाईट कधी आलं नसेल. किती जणांना मी 'तुम्हीच काही तरी कडक चावलं असणार' म्हणून परत पाठवलं होतं, ते चेहरे एकामागून एक आठवायला लागले. सगळ्यांना गाठता आलं नाही, ही खंत आहेच. पण एक चेहरा दुसऱ्याच दिवशी येणार होता.

सोमवारी काकी आल्या. दाढ काढायची म्हणून सोबत नणंद आणि मानेवर जाड टॉवेल. बाकावर त्या दिवसाइतकीच माणसं होती आणि ते बरंच झालं. मी खुर्चीपाशी न थांबता बाकापाशी गेलो.

"काकी, तुमी खरा सांगल्यात. तुमी चावक नाय. चूक माजी. माज्या हाताचो घाम चांदीत गेलो, म्हणान ती फुगली आणि मोडली. मी तुमका सगळ्यांसमोर नाय ता बोललंय. माका माफ करा."

कोणी हसलं नाही. काकींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हात बगूया."

मी डावा तळहात पुढे केला. त्यांनी तो बोटांनी दाबून बघितला, दाणा बघावा तसा. मग म्हणाल्या, "भाताचा पण असाच. वरसून सुक्या दिसता, आत वल रवली की गिरणीत मोडता." आणि माझा हात सोडत, "माका इचारल्यात असता तर मी सांगलंय असतंय."

शालनताई तोंडाला पदर लावून आत पळाली. मी मात्र हसलो नाही, कारण ते अक्षरशः खरं होतं.

त्या दिवशी चांदी शालनताईने घोटली, फडक्यात मळली आणि मी हातही न लावता चिमट्याने उचलून दाढेत बसवली. त्या दिवसापासून मी उघड्या हाताने चांदी कधी घेतली नाही. पुढे पाऱ्याला हात लावू नये असं सगळीकडे सांगू लागले, तेव्हा मनात म्हटलं, काकींनी माझे तळहातही वाचवले.

पाचवा दिवस माझा कसा गेला ते सांगता येणार नाही. सहावा गेला. काकी आल्या नाहीत. बरं वाटलं म्हणून आल्या नाहीत की कंटाळून दुसरीकडे गेल्या? सातव्या दिवशी रविवार होता. मी आणि मास्तर एसटी पकडून वालावलला गेलो. देवळाजवळ उतरून विचारत विचारत त्यांच्या वाडीत पोचलो तर खळ्यात उकडलेलं भात पसरलेलं, भोवती पाच-सात माणसं, आणि मध्ये काकी वाकून एक दाणा उचलत होत्या. आम्ही कुंपणाबाहेरच थांबलो. त्यांनी दाणा उजव्या दाढेखाली घातला. आवाज आमच्यापर्यंत आला. मास्तरांनी माझा दंड धरला होता, तो किती घट्ट धरला होता ते नंतर कळलं.

"आजून येक दिस," काकींनी निकाल दिला. मग आम्हाला बघून म्हणाल्या, "पेज पिवन जावा."

पेज आणि लोणचं असं जेवण मी त्या दिवशी जेवलो, तसं नंतर जेवलो नाही.

वीसेक वर्षं गेली. मास्तर मधल्या काळात वारले. मीही दवाखाना आवरायच्या विचारात होतो. एका सकाळी सुनेच्या हाताला धरून काकी आल्या, पार वाकलेल्या. कनवटीची पुडी सोडली. आत एक दाढ होती. म्हातारपणी हिरड्या सुटतात तशी आपसूक पडलेली, वेदना नाही, काही नाही. मी भिंग लावून बघितली. दाढ झिजली होती, मुळं पिवळी पडली होती, पण मधली चांदी कडेला कड लावून बसली होती. मी सुई फिरवली. कुठेही अडकली नाही.

"दात पडलो," काकी म्हणाल्या. "तुमचा काम रवला. म्हणान तुमका दाखवक हाडलंय."

"आता भात कोण बगता?"

"ही बगता," त्यांनी सुनेकडे मान वळवली. "तिचे दात बरे आसत. तरी मी खळ्यात बसतंय." मग पुडी माझ्या हातात ठेवत म्हणाल्या, "तुमची ती पहार आसा मां? घालून बगा, किती तांबे लागतत."

पहार अजून आहे, मागच्या भिंतीला टेकून. बादलीही आहे. दाढ माझ्या टेबलाच्या खणात, त्याच पुडीत आहे. मास्तर असते तर डोळे बारीक करून म्हणाले असते, डॉक्टरानू, मोडून बगितल्यात?

नाही, मास्तर. ही एक मी मोडून बघितलेली नाही.